मागच्या रांगेतली

लेकीकडे न्यू जर्सीला गेले की पहिले आठ दिवस माझे झोपेत जातात आणि पुढचे आठ खिडकीत. आमच्या निपाणीला उंबऱ्यात बसलं की गल्ली आपणहून समोर येते. तिकडे गल्ली बघायला खिडकी गाठावी लागते, आणि बघून बघून दिसतात काय, तर गाड्या. अपवाद एकच, समोरच्या घरातली शेजारीण.

सत्तरी ओलांडलेली, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स. उंच, ताठ, रंगाने जुन्या चंद्रकळेसारखी आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचा हा एवढा गोल. मी लेकीला म्हटलं, "अगं, कापसाच्या बोंडासारखे दिसतात नाही तिचे केस?" लेक एकदम गंभीर झाली. "आई, हे तिच्यासमोर चुकूनही म्हणू नकोस. ज्यांना गुलाम करून कापूस वेचायला लावला, त्यांची ती पणती आहे." मी गप्प. चांगलं बोलायला जावं तरी आधी दुसऱ्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो, हे शाळेत चौतीस वर्षं घालवूनही कुणी मला शिकवलं नव्हतं.

मी शिक्षिका होते हे लेकीने तिला सांगितलेलं. त्यामुळे ती मला 'टीचर' म्हणायची. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं, पण दोन म्हाताऱ्या बायकांना भाषा किती लागते? ती कुंपणापाशी यायची, मी खिडकीतून खाली यायची, आणि गुडघेदुखीवर आमचं छान जमायचं.

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. एके सकाळी ती म्हणाली, "टीचर, शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आमचं फोटोशूट आहे. फक्त आमच्या बायका, आमचे केस, आहेत तसे. माणसं कमी पडतायत, हात लावायला येशील?"

फोटोशूट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका. त्याबद्दल पुढे सांगते. लेक म्हणाली, "चल गं, घरात बसून तरी काय करूलालीस?" सासर पुण्याचं, राहणं अमेरिकेत, तरी बेळगावकडचं 'करूलालीस' काही तिच्या तोंडातून जात नाही. मला तेवढंच बरं वाटतं.

जाण्याआधी शेजारणीने मला सगळं सांगितलं, का आणि कशासाठी. ते तुम्हालाही सांगायला हवं, नाहीतर 'बायका नटल्या, फोटो काढले' एवढंच वाटेल.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम म्हणून भाग आहे, या लोकांची मोठी जुनी वस्ती. तिथे क्वामे ब्रॅथवेट नावाचा एक तरुण छायाचित्रकार होता. तो, त्याचा भाऊ एलोम्बे आणि मित्रमंडळींनी मिळून १९५६ मध्ये एक कलामंडळ काढलेलं, जॅझचे कार्यक्रम करायचे. त्या काळी काळ्या बायकांच्या मासिकांतसुद्धा गोऱ्या वर्णाकडे झुकणाऱ्या, सरळ केसांच्याच मुली झळकत. या मंडळींनी ठरवलं, आपण आपल्याच गल्लीतल्या मुली उभ्या करायच्या. गडद रंगाच्या, केस न सरळ केलेल्या, आफ्रिकी धाटणीचे कपडे घातलेल्या. त्यांचं नाव ठेवलं 'ग्रँडासा मॉडेल्स'. यातली कुणी धंदेवाईक मॉडेल नव्हती. २८ जानेवारी १९६२ ला हार्लेममधल्या 'पर्पल मॅनर' नावाच्या जागेत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, 'नॅचरली ६२'. गर्दी एवढी लोटली की त्याच रात्री दुसरा खेळ लावावा लागला. 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' हे शब्द जगभर पोचले, त्यात या मुलींचा आणि ब्रॅथवेटच्या कॅमेऱ्याचा मोठा वाटा. शेजारणीची थोरली बहीण त्या रात्री तिकीट काढून गेली होती. घरी आली ती न्हाणीघरात शिरली, डोकं भिजवलं आणि केस पुन्हा म्हणून सरळ केले नाहीत. आईने आठ दिवस अबोला धरला म्हणे.

ब्रॅथवेट त्या वर्षी एप्रिलमध्येच वारले होते. म्हणून या बायकांच्या मनात आलं, आपणही एकदा तसे फोटो काढू. लायब्ररीच्या भिंतीवर लावू.

आणखी एक. आपण लिहिताना 'कृष्णवर्णीय' लिहितो. सभ्य शब्द. पण मला तर वाटतं, 'काळी' म्हणायला आपली जीभ अडखळते म्हणून तो आपण काढलाय. शेजारीण स्वतःला सरळ 'ब्लॅक' म्हणते आणि म्हणताना मान किंचित वर होते.

शनिवारी हॉलमध्ये गेलो तर तीसेक बायका. सहा वर्षांच्या पोरीपासून काठी टेकत आलेल्या आजीपर्यंत. आणि केस! आपल्याकडे वेणी, अंबाडा, खोपा एवढ्यावर आपलं संपतं. इथे एकीच्या डोक्याला चिकटून बारीक बारीक वेण्यांच्या रांगा, नांगरलेल्या शेतासारख्या. एकीने केसांचे छोटे छोटे अंबाडे घातलेले, डोकंभर. कुणाच्या खांद्यापर्यंत जटा, पण स्वच्छ, तेल लावलेल्या, टोकाला कवड्या. कुणी सगळे केस मोकळे सोडलेले, ते खाली पडायचे नावच घेत नव्हते, सूर्यफुलासारखे चहूकडे उभे. आरशासमोर आया मुलींचे भांग पाडत होत्या आणि मुली "आऽऽई" करून ओरडत होत्या. ते ओरडणं मात्र अगदी आमच्या निपाणीचं.

एक आठ वर्षांची पोर कोपऱ्यात टोपी घालून बसलेली. टोपी काढायला तयार नाही. तिची आजी हळू आवाजात समजावत होती. शाळेतली मुलं येता जाता तिच्या केसांत हात घालतात, म्हणून ती टोपी काढत नाही, असं लेकीने ऐकून मला सांगितलं. मला पोरीची कणव आली. मी पुढे झाले आणि आपण करतो तसा डोक्यावरून हात फिरवायला गेले. लेकीने माझं मनगट धरलं. "आई, हात नको."

मी हात मागे घेतला. पोर माझ्याकडे बघत होती. तिने टोपी दोन्ही हातांनी आणखी खाली ओढली.

मला काम दिलं ते सोपं होतं. पांढऱ्या थर्माकोलसारखा एक मोठा पत्रा दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. खिडकीतून आलेलं ऊन त्या पत्र्यावर पडायचं आणि उलटून समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर. फोटो काढणारा शेजारणीचा भाचा. तो सांगायचा, "टीचर, थोडं खाली. थोडं जवळ." मी अर्धा हात पुढे सरकले की समोरच्या बाईचा चेहरा उजळायचा. उजळायचा म्हणजे गोरा व्हायचा नव्हे. काळाच, पण त्यात गालाचं हाड दिसायचं, पापणी दिसायची, हनुवटीवरचा तीळ दिसायचा. मी अर्धा हात मागे आले की सगळं पुन्हा सपाट.

मी त्याला विचारलं, हे एवढंच? तो हसला. म्हणाला, बाकी सगळं यानंतरचं. मग त्याने सांगितलं की कोडॅकसारख्या कंपन्या पूर्वी रंगीत फोटोचे रंग बरोबर उतरलेत का ते तपासायला एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड वापरायच्या. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. शर्लीची कातडी नीट दिसली की फिल्म नीट. बाकीच्यांची दिसली न दिसली. सुधारणा कधी झाली म्हणाल, तर चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत उठत नाहीत, तेव्हा. ब्रॅथवेटने मात्र आधीपासूनच डार्करूममध्ये खटपट करून काळ्या कातडीची खोली कागदावर उतरवायची आपली पद्धत बसवलेली.

मी पत्रा धरून उभी होते आणि माझे हात थरथरायला लागले. लेकीला वाटलं, थकले. खुर्ची आणली. थकले नव्हते मी. मला वीट आठवली होती.

१९८६ साली मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत होते. लोंढ्याच्या बाजूचा जंगलपट्टा. नोकरीला लागून दोनतीन वर्षं झालेली, लग्न नुकतं झालेलं, मोठी शिस्तीची बाई समजायची मी स्वतःला. चौथीच्या वर्गात एक सिद्दी मुलगी होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे लोक मुळचे आफ्रिकेचे. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून जहाजांतून गोव्यात आणलं, त्यातले कित्येक पळून घाट चढून या रानात आले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि इकडे खानापूर तालुक्यातही त्यांची घरं आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. चारशे वर्षांत भाषा इथली झाली, देव इथले झाले, केस तेवढे तसेच राहिले.

शाळेचा नियम, मुलींनी तेल लावून दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. हिचे केस बोटभर लांब, घट्ट वळ्यांचे. वेणी व्हायचीच नाही. मी रोज म्हणायची, "केस विंचरून ये गं." ती रोज विंचरूनच येत असणार. मला ते दिसत नव्हतं.

वर्षाच्या शेवटी वर्गाचा फोटो. बेळगावहून फोटोग्राफर आलेला, तीन पायांचा स्टँड, काळं कापड. मी तिला बोलावलं, नळाखाली डोकं भिजवलं आणि स्वतः रिबीन बांधली. इतकी ओढून बांधली की तिच्या भुवया वर चढल्या. ती काही बोलली नाही. मग तिला म्हटलं, "तू उंच आहेस, मागच्या रांगेत जा."

ती उंच नव्हती. मागे गेल्यावर दिसेनाच, म्हणून शिपायाने तिच्या पायाखाली एक वीट ठेवली.

पंधरा दिवसांनी फोटो आले. सगळ्या वर्गाचे पांढरे सदरे झकास उठले होते, आणि मागच्या रांगेत एका टोकाला एक काळा ठिपका, त्यावर पांढरी रिबीन. स्टाफरूममध्ये एक गुरुजी म्हणाले, "रिबीन हजर, मुलगी गैरहजर." सगळे हसले. मीही हसले. मैत्रिणींनो, एवढी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विसरले होते असंही नाही. त्या दिवशी हॉलमध्ये पत्रा धरून उभं राहिल्यावर कळलं की त्या फोटोग्राफरने नुसती एक धुतलेली चादर जरी खाली उजेडात पसरली असती, तरी ती पोर दिसली असती. नाहीतर मी तिला पुढे, सावलीबाहेर बसवलं असतं तरी. कुणाला सुचलं नाही, कारण ती दिसत नाहीये हेच कुणाला खटकलं नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. टेबलावर त्यांचे पदार्थ मांडलेले, प्रत्येकीने घरून करून आणलेले. त्यात रताळ्याचा एक गोड पदार्थ, सगळ्या त्याच्यावर तुटून पडलेल्या. म्हणजे कंदमूळ, आणि वर त्यात अंडं! मी लांबूनच नमस्कार केला. शेजारणीने माझ्यासाठी केळी-द्राक्षांची वेगळी ताटली झाकून ठेवली होती, वर चिठ्ठी, 'टीचर'. आपल्या लग्नांतसुद्धा आजकाल एवढं कुणी बघत नाही.

खाता खाता ती माझा अंबाडा बघून म्हणाली, "टीचर, वीस वर्षं मी तुझ्या देशाचे केस डोक्यावर वागवलेत." मला समजेना. मग समजलं. या बायका स्वतःच्या केसांवर दुसऱ्यांचे सरळ केस शिवून घेत. त्यातले पुष्कळ भारतातून जातात. तिरुपतीला लोक नवसाचे केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, ते धुऊन निवडून परदेशी जातात. आमच्या गल्लीत नाही का 'केसावर भांडीऽऽ' ओरडत बाई यायची? माझी आई गळलेल्या केसांचे गुंते भिंतीतल्या फटीत खोचून ठेवायची आणि वर्षाकाठी एक स्टीलची वाटी घ्यायची. ते गुंते जातात कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. कोण जाणे, आईचीच एखादी बट नर्सबाईंच्या डोक्यावर गेली असेल.

"का पण?" मी विचारलं. "तुझे एवढे सुंदर असताना?"

ती लगेच बोलली नाही. म्हणाली, "नोकरी." हॉस्पिटलात नवीन लागली तेव्हा वरच्या बाईने सांगितलेलं, हे केस 'नीटनेटके' दिसत नाहीत. तिची आई लहानपणी दर शनिवारी रात्री लोखंडी फणी शेगडीवर तापवून तिचे केस सरळ करायची. कान भाजायचे. पुढे औषधं आली, कॉस्टिक सोड्याची. डोक्याची साल निघायची, पण सगळ्याच लावायच्या. "आई दुष्ट नव्हती," ती म्हणाली. "तिला वाटायचं, असे केस घेऊन ही पोर जगणार कशी." २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेचा मोठा अभ्यास आला. अशी केस सरळ करायची औषधं वरचेवर लावणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. नर्स असल्याने तिला आकडे तोंडपाठ. सत्तरीपर्यंत हा रोग होण्याचा धोका कधीच न लावणाऱ्यांत शंभरात दीडपावणेदोन, वरचेवर लावणाऱ्यांत चार.

आणि हे नुसतं माणसांच्या बोलण्यातलं नाही, सरकारी हुकुमांतलंही. १७८६ साली लुइझियानात स्पेनचा अंमल होता. तिथल्या गव्हर्नरने, एस्तेबान मिरो त्याचं नाव, हुकूम काढला की आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र बायकांनीसुद्धा केस कापडाखाली झाकावेत. का, तर त्यांच्या केशरचना बघून गोऱ्या बायकांचा जळफळाट व्हायला लागला होता. बायकांनी काय करावं? उंची, रंगीबेरंगी कापडं आणली आणि अशी काही बांधली की फॅशनच पडली! हे सांगताना शेजारीण टेबलावर थाप मारून हसली.

पण हसणं तिथेच थांबलं. २०१८ च्या डिसेंबरात याच न्यू जर्सी राज्यात शाळेच्या कुस्ती सामन्यात पंचाने एका मुलाला सांगितलं, जटा काप नाहीतर सामना सोड. भर मैदानात त्याचे केस कापले गेले. एका वर्षाने राज्याने कायदा केला की केसांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव चालणार नाही. 'क्राउन ॲक्ट'. पहिला तो कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. क्राउन म्हणजे मुकुट. केस जसे उगवतात तसे ठेवायला कायदा लागतो, हे ऐकून मी द्राक्ष हातातच धरून बसले.

मग तिने मला विचारलं, तुमच्या धर्मात केसांचं काय?

काय सांगू? नुकतेच माझ्या डोळ्यांसमोरून तीस प्रकारचे केस गेलेले, प्रत्येकीने जिवापाड जपलेले. आणि आमच्याकडे सगळ्यात मोठा मान तिला, जिने ते उपटून टाकले. मी तिला केशलोच सांगितला. मी दहा-अकरा वर्षांची असताना निपाणीला बघितलेला. एक तरुण आर्यिका माताजी पाटावर बसलेल्या, बोटांना राख लावलेली, आणि स्वतःच्या हाताने डोक्यावरचे केस चिमटीत धरून उपटत होत्या. समोर सगळ्या श्राविका पदर डोळ्यांना लावून. माताजींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझी आई घरी येऊन रडली होती, कारण या माताजी म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण, नडग्यांपर्यंत वेणी असलेली.

लेकीने भाषांतर केलं. 'राख' सांगताना तीही अडखळली. टेबल गप्प झालं. शेजारणीने विचारलं, "स्वतःच्या हाताने?"

"हो."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"नाही. सगळे नको म्हणत होते."

ती मान हलवत राहिली. "मग तिचे केस तिचेच होते," म्हणाली, आणि उठून कॉफी आणायला गेली.

मला मात्र तिच्यासारखं मोकळं हसता आलं नाही. आमच्याकडे कुणी हुकूम काढला नाही, कुणी गुलाम केलं नाही, तरी आम्ही काय करत आलो? त्यांचं दुःख आणि आमचं एका मापाने मोजायला मी जाणार नाही, ते खोटं होईल. पण ती परिचय पुस्तिका आहेच. लेक माझी सावळी. तिच्यासाठी स्थळं बघताना स्टुडिओवाल्याला मीच म्हटलं होतं, "जरा उजळ काढा हं." त्याने इतका उजळ काढला की नाकाची कडाच गेली. परतताना गाडीत लेक समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई, त्या पुस्तिकेत मी मलाच ओळखलं नव्हतं. पान उलटून पुढे गेले होते." रागाने नाही, सहज म्हणाली. सहज म्हणाली म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळी निघायच्या आधी त्या टोपीवाल्या पोरीचा फोटो झाला. टोपी घालूनच. भाच्याने काही आग्रह केला नाही. पत्रा मीच धरला होता. तिसऱ्या की चौथ्या फोटोला तिने आपणहून टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे रोखून बघितलं, मी हात पुढे करते की काय म्हणून. माझे दोन्ही हात पत्र्यात अडकलेले होते. बरं झालं.

सप्टेंबरात परत आले. पर्युषण झालं, क्षमावणी झाली. दरवर्षी आपण दारोदार 'उत्तम क्षमा' म्हणत फिरतो, आता तर मोबाइलवर एकच चित्र दोनशे जणांना पाठवतो. ज्यांची क्षमा मागायची ते त्या दोनशेत नसतातच. मी ट्रंक उघडली, शाळेचा तो फोटो काढला आणि जुन्या सहकारी बाईंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. दिवाळीच्या सुमाराला नंबर मिळाला. हल्याळकडे दिलीय, अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं.

"बाई? तुमी व्हय? कशा हाईसा?" आवाज एकदम खणखणीत. मी पाठ करून ठेवलेलं सगळं बोलायला लागले, फोटो, रिबीन, मी हसले ते. तिने ऐकून घेतलं.

"त्यो फोटो मी घेतलाच न्हाई, बाई," ती म्हणाली. "पाच रुपये मागितले हुते. आबा म्हणाला, कशाला."

म्हणजे ज्या फोटोची लाज तिला जन्मभर वाटली असेल असं मी धरून चालले होते, तो तिने बघितलाच नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"वीट आठवतीया तेवढी," ती पुढे म्हणाली. "लई हालत हुती." आणि मग, "फोटो हाय काय तुमच्याकडं? पाठवा की. पोरीस्नी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेले. पंचविशीचा पोरगा, कानात वायर. त्याने फोटो मशीनवर पालथा घातला, कॉम्प्युटरवर मोठा केला. मी बोट दाखवलं, "ही. मागच्या रांगेतली. हिचा चेहरा दिसायला हवा."

"गोरी करू काय, मॅडम? एका मिनिटात होतंय."

"नको," मी म्हटलं. "रंगाला हात लावू नकोस. अंधार तेवढा कमी कर."

त्याला ते विचित्र वाटलं असावं, पण त्याने माउस हळूहळू सरकवला. आधी कपाळ आलं. मग वर ताणलेल्या भुवया. मग कानामागे रिबिनीतून सुटलेली एक बट, घट्ट वळ्याची, पाण्याने बसवूनही पुन्हा उभी राहिलेली. मग नाक, बंद ओठ. डोळे सगळ्यात शेवटी आले. बाकी चाळीस पोरं कॅमेऱ्याकडे बघत होती. ती एकटी खाली, आपल्या पायांकडे बघत होती.